मांडीची कातडी नको, लॅबमधली लावा!

“डॉक्टर, आता कातडी लॅबमध्ये तयार होते ना? मग आईची मांडी कशाला सोलता?” भाजलेल्या रुग्णांचे नातेवाईक हे हमखास विचारतात.

अशाच एक काकू. चकल्या तळताना कढई कलंडली आणि उजवा हात दंडापर्यंत भाजला. आधी टूथपेस्ट, मग हळद. दोन आठवड्यांनीही जखम ओलीच, म्हणून मांडीची पातळ कातडी लावू म्हटलं. मुलाने व्हिडिओ पाहून ‘स्टेमसेल’चं, म्हणजे मूळ पेशींचं, महागडं मलम मागवलं. दीड महिन्याने आल्या तेव्हा कोपर आखडलं होतं. फळीवरचा डबाही काढता येईना. कुठल्याही मलमाच्या डबीत जिवंत पेशी नसतात हो!

लॅबमधली कातडी खोटी नाही. 1975 मध्ये अमेरिकेत राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवून दाखवल्या. 1983 मध्ये 95 टक्क्यांहून जास्त भाजलेले दोन लहान भाऊ बोस्टनच्या रुग्णालयात याच पद्धतीने वाचले. पण त्यासाठी रुग्णाच्याच निरोगी त्वचेचा तुकडा लागतो आणि तो वाढायला साधारण तीन आठवडे जातात. हाती येतो तो लाटलेल्या पापडाहून कितीतरी नाजूक पापुद्रा. त्यात घामाच्या ग्रंथी नाहीत, केस नाहीत, खालचा मजबूत थरही नाही. अंगावर काढायला कातडीच उरली नसेल, तेव्हा हा मार्ग मोलाचा. हातभर जखमेला मांडीचीच कातडी सरस. ती पुन्हा पुन्हा धुवून वापरायच्या कापडासारखी टिकते, आणि मांडीवरची जागा बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरते. घाबरू नका.

घाबरायचं ते इथे: भाजलेली जागा पांढरी, चामड्यासारखी आणि दुखत नसेल, तर ती खोल आहे, ‘दुखत नाही म्हणजे बरं’ हा समज घातक. चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रिय भाजलं, विजेचा झटका बसला, धुरानंतर आवाज घोगरा झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. नंतर ताप, दुर्गंधी, पसरणारी लाली दिसली तरी तसंच. मधुमेहींनी तर छोट्या जखमेबाबतही चालढकल करू नये.

भाजल्याबरोबर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. बर्फ, शाई, टूथपेस्ट, शेण काही नको. आणि दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर व्हिडिओ बंद करून प्लास्टिक सर्जनकडे या.