आईचं नैराश्य मुलीत उतरतं का?

प्रश्न : आम्ही लहान असताना माझी आई महिना महिना कुणाशी बोलायची नाही. स्वयंपाक करायची, पण स्वतः ताटावर बसायची नाही. घरातले ‘तिच्या डोक्याला त्रास आहे’ एवढंच म्हणायचे. पाच वर्षांपूर्वी मलाही तसंच होऊ लागलं. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं. आठ महिने गोळ्या घेतल्या, बरं वाटलं म्हणून माझ्या मनानेच बंद केल्या. दिवाळीपासून पुन्हा पहाटे तीनला जाग येते, पण ते चालायचंच. माझी काळजी वेगळी आहे. मुलगी तेरा वर्षांची आहे, आठवीत. हल्ली फार चिडते, दार लावून बसते. आजीचं आणि माझं हे दुखणं तिच्यातही उतरणार का? रक्त तपासून आधीच कळतं का? तिच्यासाठी मी काय करू?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर थोडक्यात असं : आजार उतरत नाही, आजाराची जोखीम उतरते. या दोन्हींत अंतर आहे, आणि त्या अंतरातच तुम्हाला करता येण्यासारखं पुष्कळ आहे.

जोखीम खरी आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत मर्ना वाइसमन यांनी 1982 साली नैराश्य असलेल्या आणि नसलेल्या पालकांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. ती मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली, तरी अभ्यास चालूच राहिला. आजी, आई, नात अशा तीन पिढ्या, तुमच्या पत्रात आहेत तशाच. वीस वर्षांनी आढळलं, की नैराश्य असलेल्या पालकांच्या मुलांना हा आजार होण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट होतं, आणि तो सुरू होण्याचं मुख्य वय 15 ते 20. पण त्याच घरांतली कितीतरी मुलं कधीही आजारी पडली नाहीत, हेही त्याच अभ्यासात दिसतं.

यात रक्ताचा वाटा किती? जुळ्यांच्या अभ्यासांचा 2000 साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 37 टक्के निघाला. हा आकडा नीट समजून घ्या. तुमच्या मुलीला नैराश्य येण्याची शक्यता 37 टक्के आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. माणसामाणसांत या आजाराबाबत जो फरक दिसतो, त्यातला एवढा भाग जनुकांमुळे असतो, इतकंच तो सांगतो. उरलेला मोठा भाग आयुष्यात जे घडतं त्याचा : घरातली भांडणं, मारहाण, शाळेतला छळ, एकटेपणा, जवळच्या माणसाचा मृत्यू. जनुकं कुणी निवडून घेत नाही. तुमच्या आईचा यात दोष नव्हता, तुमचाही नाही.

आता रक्ताच्या तपासणीबद्दल. अशी तपासणी आज नाही. ती मिळेल अशी आशा एकदा जोरात निर्माण झाली होती. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. त्यातल्या तरुणांच्या माहितीवरून 2003 साली एक शोधनिबंध आला : सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित एका जनुकाचं विशिष्ट रूप असेल आणि आयुष्यात मोठे आघात झाले, तर नैराश्य लवकर गाठतं. जगभर त्याची चर्चा झाली. पुढे 2019 साली लाखो माणसांची माहिती घेऊन हे पुन्हा तपासलं, तेव्हा त्या एकट्या जनुकाचा प्रभाव दिसला नाही. त्याच वर्षी आठ लाखांहून अधिक माणसांच्या दुसऱ्या एका अभ्यासात नैराश्याशी संबंधित 102 जनुकीय फरक सापडले. प्रत्येकाचा वाटा मात्र अगदी किरकोळ. त्यामुळे ‘नैराश्याचं जनुक’ तपासून देतो असं कुणी म्हणालं, तर पैसे घालवू नका.

रक्तापेक्षा घरची आणि शाळेची विचारपूस अधिक सांगून जाते. ब्राझीलमध्ये क्रिस्टियन कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा वर्षांच्या मुलांना विचारण्याजोग्या अकरा साध्या गोष्टींवरून पुढच्या नैराश्याची जोखीम मोजायची पद्धत 2021 साली मांडली. आईशी, वडिलांशी नातं कसं आहे, आईवडिलांचं आपसात कसं आहे, शाळेत नापास झालं का, मूल एकटं पडतं का, लहानपणी त्याची आबाळ किंवा मारहाण झाली का, अशा त्या गोष्टी. दुसऱ्या देशांत हीच मोजणी तितकी अचूक ठरली नाही, म्हणून ती आपल्याकडे जशीच्या तशी वापरता येणार नाही. पण त्या यादीत रक्ताची एकही चाचणी नाही, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

मग जोखीम मुलीपर्यंत पोचते तरी कशी? स्टॅनफर्ड विद्यापीठात इयन गॉटलिब आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग पाहा. आयांना वारंवार नैराश्य येऊन गेलेलं, पण मुली स्वतः धडधाकट. वय 9 ते 14. आधी त्यांचं मन थोडं उदास होईल असं काही दाखवलं. मग पडद्यावर शेजारी शेजारी दोन चेहरे क्षणभर आले, एक भाव असलेला आणि दुसरा कोरा. चेहरे गेले, की त्यांपैकी एका जागी एक ठिपका उमटायचा आणि मुलीने बटण दाबायचं. नजर आधीच त्या जागी असेल तर बोट लवकर चालतं. एवढ्या साध्या खेळातून कळलं, की या मुलींचं लक्ष उदास चेहऱ्याकडे ओढलं जातं. आईला नैराश्य नसलेल्या मुली मात्र मन उदास असताना हसऱ्या चेहऱ्याकडे वळत होत्या. म्हणजे आजार यायच्या कितीतरी आधी मनाला एक वळण पडलेलं असतं.

वळण बदलता येतं का, हे जूडी गार्बर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या चार शहरांत तपासलं. 13 ते 17 वयाची 316 मुलं, प्रत्येकाच्या आईला किंवा वडिलांना नैराश्य असलेलं वा होऊन गेलेलं. निम्म्यांना आठ आठवडे गटात बसवून शिकवलं : मनात येणारा प्रत्येक विचार खरा धरायचा नाही, तो पारखायचा, अडचण आली की तिचे तुकडे करून एकेक सोडवायचा. पुढे काही महिने उजळणी. नऊ महिन्यांत नैराश्य आलेल्यांचं प्रमाण शिकलेल्या गटात 21 टक्के, न शिकलेल्यांत 33 टक्के. पण 2009 साली छापलेल्या या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, आणि तुमच्या पत्रापुरती तीच सर्वांत मोलाची. ज्या मुलांचे आई किंवा वडील त्या वेळी नैराश्यात होते, त्यांना या शिकवणीचा फायदा झालाच नाही.

वाइसमन यांच्याच 2006 सालच्या अभ्यासात याची दुसरी बाजू दिसते. नैराश्यावर उपचार घेणाऱ्या 151 आया आणि त्यांचं प्रत्येकी एक मूल. उपचार आईवर, मुलांची फक्त तपासणी. तीन महिन्यांनी पाहिलं. ज्या मुलांना आधीपासून काही मानसिक त्रास होता, त्यांपैकी आई बरी झालेल्यांतली 33 टक्के मुलं बरी झाली. आई बरी न झालेल्यांत 12 टक्केच. आणि सुरुवातीला धडधाकट असलेल्या ज्या मुलांच्या आया बऱ्या झाल्या, त्यांतलं एकही मूल त्या काळात आजारी पडलं नाही. आई बरी झाली म्हणूनच मूल बरं झालं, असं यातून पक्कं सिद्ध होत नाही. पण दोन्ही अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतात.

म्हणून ताई, पत्रातल्या ज्या वाक्यावरून तुम्ही घाईने पुढे गेलात, तिथे मी थांबलो. पहाटे तीनला जाग येते, ‘पण ते चालायचंच’. ते चालायचं नाही. पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं हे नैराश्याचं ओळखीचं लक्षण आहे, आणि एकदा येऊन गेलेलं नैराश्य परत येऊ शकतं. ज्या डॉक्टरांनी आधी उपचार केले, त्यांच्याकडे परत जा. गोळ्या मनाने बंद केल्या, हे संकोच न करता सांगा; पुष्कळ जण करतात. माहेरच्या कुणाला कधी उलट टोकाचा त्रास, म्हणजे झोपेविना कित्येक दिवस अति उत्साह, उधळपट्टी, बडबड झाली असेल, तर तेही सांगा. तो बायपोलर आजार असू शकतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा नैराश्याहून बराच जास्त असतो आणि औषधं वेगळी लागतात.

उपचार फक्त शहरातल्या मोठ्या दवाखान्यात असतात असंही नाही. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास केला, तो 2017 साली प्रसिद्ध झाला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केलं. ते तीव्र नैराश्य असलेल्यांशी सहा ते आठ वेळा बोलायचे : दिवस कसा जातो, काय केल्यावर थोडं बरं वाटतं, त्यातलं एक छोटं काम या आठवड्यात ठरवून करायचं. तीन महिन्यांनी त्यांतले 64 टक्के बरे होते. नेहमीचीच सुधारित सेवा मिळालेल्यांत 39 टक्के.

आता मुलीबद्दल. तेराव्या वर्षी चिडणं, दार लावून घेणं हे वयाचंही असतं. पण या वयात नैराश्य रडण्याऐवजी चिडचिडीतूनही बाहेर पडतं, म्हणून चार गोष्टी पाहा. हे रोज, दिवसाचा बराच वेळ, दोन आठवड्यांहून जास्त चाललंय का? जे आवडायचं ते सुटलं का? झोप, भूक, अभ्यास बदलला का? मैत्रिणी तुटल्या का? दोन-तीन गोष्टींना ‘हो’ असेल तर डॉक्टरांकडे न्या. ‘जगायला नको असं वाटतं का गं?’ हे विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं, तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारच्या ‘टेलीमानस’ सेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

आणि तिला तुमच्या आजाराबद्दल सांगा. बॉस्टनमध्ये विल्यम बिअर्डस्ली यांनी अशा कुटुंबांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. आईवडिलांच्या आजाराबद्दल घरात मोकळेपणी बोललं गेलं, की मुलांना तो समजतो, दोष आपला नाही हेही कळतं. तुमच्या लहानपणी तुम्हाला कुणी हे सांगितलं नाही. तुम्ही तिला सांगू शकता : ‘मला एक आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि मी औषध घेते आहे.’

शेवटचा शब्द खरा करायचा, तर आधी औषध सुरू व्हायला हवं. मुलीसाठी काय करू, असं तुम्ही विचारलंत. या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. स्वतःसाठी.