कपॅसिटरचा हुद्दा

व्हायवाला एक्स्टर्नल सर्किटवर बोट ठेवून विचारतात, "हा कुठला कपॅसिटर?" आपण ठोकून देतो, "सर, सिरॅमिक." सरांना मात्र हवं असतं त्याचं काम. सिरॅमिक, इलेक्ट्रोलायटिक ही झाली बनावट. कपलिंग, बायपास, डीकपलिंग ही हुद्द्याची नावं, आणि हुद्दा ठरतो जागेवरून.

अंगावर '१०४' लिहिलेला कपॅसिटर घ्या. १० वर चार शून्यं, म्हणजे १,००,००० पिकोफॅरड, अर्थात ०.१ मायक्रोफॅरड. अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन स्टेजमध्ये बसला की तो कपलिंग : डीसी अडवतो, सिग्नल पुढे सोडतो. ५५५ च्या रेझिस्टरसोबत बसला की टायमिंग. आयसीच्या सप्लाय पिनांवर बसला की डीकपलिंग. एमिटर रेझिस्टरला समांतर असतो तो बायपास, पण तिथे सहसा मोठी किंमत लागते. तो काढला तर गेन धाडकन उतरतो.

आता आमची फजिती. मिनी प्रोजेक्टमध्ये रिले चालू-बंद झाला की मायक्रोकंट्रोलर रीसेट व्हायचा. दोन रात्री जागून प्रोग्राम तपासला. चूक तिथे नव्हतीच! 'सप्लायला १००० मायक्रोफॅरड आहे, मग हा चिल्लर ०.१ कशाला?' असं म्हणून आम्ही तो गाळला होता. व्हीसीसी आणि ग्राउंडच्या पिनांना अगदी चिकटून लावला, आणि रीसेट थांबले.

कारण सोपं आहे. रेक्टिफायरनंतरचा मोठा फिल्टर कपॅसिटर म्हणजे होस्टेलच्या गच्चीवरची टाकी. सेकंदाला १०० वेळा होणारा चढ-उतार तो सपाट करतो. पण आयसीला करंट लागतो नॅनोसेकंदांत, आणि वायरच्या इंडक्टन्समुळे तो टाकीतून वेळेवर पोचत नाही. म्हणून दाराशी भरलेली बादली हवी. तीच लांब ठेवली तर उपयोग काय?

काही ठिकाणी हुद्दा जिवाशी असतो. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रलच्या मधला तो एक्स कपॅसिटर, फेज आणि बॉडीच्या मधला तो वाय. वाय शॉर्ट झाला आणि अर्थिंग नसलं, तर बॉडीलाच करंट! तिथे नुसता आकडा जुळवून साधा कपॅसिटर बसवू नका. वाय क्लासचा शिक्का बघूनच घ्या.

तेव्हा रिपोर्टात सी१, सी२ पुढे किमतीबरोबर कामही लिहा. आणि ज्याचं काम सांगता येत नाही, तो गाळण्याआधी कुणाला तरी विचारा. आमच्या दोन रात्री गेल्या, तुमच्या वाचतील.