परदेशात प्लेअर म्हातारा झाला तर?

'फोन असताना वेगळा प्लेअर कशाला?' असं विचारणाऱ्यांनी हे पान सरळ उलटावं! बाकीच्यांसाठी हा छोटासा पाठ. (मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.)

एक्सचेंज सेमिस्टरला मी जर्मनीत एर्लांगेनला होते. एमपीथ्रीवर ज्या फ्राउनहोफर संस्थेत मोठं काम झालं, ती याच गावात. नेमका तिथेच माझा जुना प्लेअर फुगला. त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आजी आता नाही, आणि दुसरी कॉपी असलेला घरचा कॉम्प्युटर केव्हाच मेलेला. म्हणून क्रम महत्त्वाचा.

१. निदान : लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर थकू लागते. आतल्या रसायनांचं विघटन होऊन वायू साठला की ती फुगते. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जही करायची नाही.

२. डेटा : इथेच खरी गोची! लॅपटॉपला जोडलं की यूएसबीतून चार्जिंगही सुरू होतं. मेमरी कार्ड असेल तर ते काढून घ्या, काम झालं. माझ्या प्लेअरमध्ये कार्ड नव्हतं. मग रिपेअर कॅफे गाठला. २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला सुरू झालेली ही कल्पना. जाणकार लोक तुमच्यासोबत बसून वस्तू दुरुस्त करतात. तिथल्या काकांनी बॅटरी सोडवली आणि प्लेअर नुसत्या यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालू झाला. सगळेच प्लेअर असे चालत नाहीत, माझं नशीब! फाइल्स जशाच्या तशा कॉपी करा. पुन्हा एमपीथ्री बनवलं तर दर वेळी थोडा आवाज गळतो.

३. नवा की दुरुस्त? : त्याच व्होल्टेजची, त्याच मापाची बॅटरी मिळाली तर दुरुस्ती स्वस्त. नवा घ्यायचा तर युरोपात दुकानदारावर दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते, आणि ऑनलाइन घेतलेला माल १४ दिवसांत परत करता येतो. घरून मागवाल तर ४५ युरोवरच्या भेटवस्तूला कर बसतो. आयपॉड शोधू नका, २०२२ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं.

४. जुन्याचं काय? : फुगलेली बॅटरी विमानात चालत नाही आणि कचरापेटीत तर नाहीच नाही. जर्मनीत इलेक्ट्रॉनिक्सची मोठी दुकानं २५ सेंटिमीटरपर्यंतची जुनी उपकरणं फुकट परत घेतात, नवीन काही न घेताही. फक्त बॅटरी फुगली आहे हे आधी सांगा.

आता हिशोब. १२८ केबीपीएसला एक तास म्हणजे सुमारे ५८ एमबी. माझ्या दीड तासाच्या ओव्या जेमतेम ८६ एमबी! तुमच्या घरातही कोणाचा आवाज एकाच डबीत अडकला असेल, तर सबमिशन्स संपायची वाट बघू नका. आज रात्रीच कॉपी करा, दोन ठिकाणी.