युनियनमुळे उद्योग बुडतात का?

प्रश्न : चाकणला छोटा कारखाना टाकतोय. युनियनबाजीने महाराष्ट्रातले उद्योग बुडाले, असं सगळे सांगतात. खरं आहे का?

उत्तर : अर्धंच खरं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि गिरणगाव उद्ध्वस्त झालं. पण यंत्रं आधीच जुनाट झाली होती, कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर निघत होतं. शिवाय १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटींचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या मान्यताप्राप्त युनियनकडे, तर कामगारांचा विश्वास सामंतांवर. हा तिढा शेवटपर्यंत सुटला नाही. म्हणून कळकळीने सांगतो : कामगारांनी स्वतः निवडलेल्या प्रतिनिधींशीच बोला, मुदतीचा लेखी वेतनकरार करा आणि तो संपण्याआधीच पुढच्या बोलणीला बसा.