मृतांचा होकार

(द्वितीय वर्ष, कला)

माणूस मेला म्हणजे त्याचे बोलणे संपते. पण त्याच्या नावाने इतरांनी करायच्या गोष्टी संपत नाहीत. जगातील बहुतेक धर्मांत मेलेल्यांसाठी जिवंतांनी काही ना काही करावे असे सांगितले आहे. कोणी पाणी सोडतो, कोणी दिवा लावतो, कोणी प्रार्थना म्हणतो. हे सारे बहुधा प्रेमापोटीच होते. परंतु ज्याच्यासाठी करायचे त्यालाच ते नको असेल तर? आमच्या नीतिशास्त्राच्या तासाला ‘संमती’ हा विषय चालू असताना सरांनी हा प्रश्न विचारला आणि उदाहरण म्हणून अमेरिकेतील मॉर्मन पंथाच्या एका विधीचा उल्लेख केला. तास संपला, पण प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याचे कारण मी लेखाच्या शेवटी सांगणार आहे. आधी तो विधी नीट समजून घेऊ.

विधीचे स्वरूप

ज्याला आपण मॉर्मन पंथ म्हणतो त्याचे पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे आहे. आपल्याला याच पूर्ण नावाने ओळखावे अशी विनंती त्या पंथाने २०१८ मध्ये केली; येथे केवळ वाचकांच्या सोयीसाठी जुने नाव वापरले आहे. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. त्याचे मुख्य केंद्र यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे.

या पंथाच्या मते तारणासाठी बाप्तिस्मा आवश्यक आहे, आणि तोही योग्य अधिकार असलेल्या व्यक्तीकडूनच झाला पाहिजे. मग ज्यांना हा मार्ग कळण्यापूर्वीच मरण आले त्यांचे काय? त्यांच्यासाठी जिवंत माणसाने प्रतिनिधी म्हणून बाप्तिस्मा घ्यावा, असे या पंथाचे उत्तर आहे. मंदिरात बारा बैलांच्या मूर्तींवर तोललेला मोठा हौद असतो. पांढरी वस्त्रे घातलेला प्रतिनिधी त्यात उतरतो, मृताचे नाव उच्चारले जाते आणि प्रतिनिधीला पूर्ण पाण्याखाली बुडवून वर काढतात. पुरुषासाठी पुरुष आणि स्त्रीसाठी स्त्री प्रतिनिधी असते. बारा-तेरा वर्षांची मुले-मुलीही हे काम करतात आणि एकाच खेपेला अनेक नावांसाठी पाण्यात उतरतात. मृताच्या देहाला किंवा कबरीला येथे कोणीही हात लावीत नाही. लागते ते फक्त नाव.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. या विधीने मृत मनुष्य आपोआप मॉर्मन होतो, असे हा पंथ मानत नाही. परलोकात त्याच्या आत्म्याला हा बाप्तिस्मा स्वीकारण्याचे वा नाकारण्याचे स्वातंत्र्य असते, अशी त्यांची शिकवण आहे. अशा मृतांची गणना पंथाच्या सभासदांत केली जात नाही.

एका घरातले दुःख

या प्रथेच्या मुळाशी एका कुटुंबाचा शोक आहे. जोसेफ यांचा थोरला भाऊ अॅल्विन १८२३ मध्ये, पंचविशीतच वारला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी धर्मोपदेशकाने, हा मुलगा नरकात गेला असणार, असे सुचविल्याची आठवण त्या कुटुंबाने पुढे सांगितली आहे. १८३६ मध्ये जोसेफ यांनी आपल्याला दृष्टान्त झाल्याचे व त्यात अॅल्विन स्वर्गात दिसल्याचे सांगितले. पुढे १५ ऑगस्ट १८४० रोजी इलिनॉय राज्यातील नॉव्हू या गावी, एका अंत्यविधीच्या प्रवचनात त्यांनी मृतांच्या बाप्तिस्म्याची शिकवण प्रथम जाहीरपणे मांडली. आरंभी हे बाप्तिस्मे मिसिसिपी नदीच्या पात्रातच होत. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात मृतांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा ओझरता उल्लेख आहे. त्याचा आधार या शिकवणीला घेतला जातो. इतर बहुतेक ख्रिस्ती पंथांना मात्र हा अर्थ मान्य नाही.

भाऊ कायमचा अंतरला हे मनाला पटेना, म्हणून दार किलकिले ठेवले गेले. या भावनेची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे मला वाटते.

नावांचा डोंगर

पूर्वजांसाठी विधी करायचा तर पूर्वजांची नावे हवीत. त्यामुळे या पंथात वंशावळ शोधणे हे धर्मकार्यच झाले. १८९४ मध्ये ‘जिनिऑलॉजिकल सोसायटी ऑफ यूटा’ ही संस्था निघाली. १९३८ पासून तिने देशोदेशींच्या जन्म-मृत्यूच्या व विवाहाच्या नोंदवह्यांच्या मायक्रोफिल्म घेण्यास सुरुवात केली. सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून भुयारी कोठारे खोदली आणि तेथे लाखो गुंडाळ्या जपून ठेवल्या. या फिल्मवरील मजकूर संगणकावर उतरविण्याचे काम २०२१ मध्ये पूर्ण झाले. परधर्मीय अभ्यासकांनाही या संग्रहाचा फार मोठा उपयोग होतो, हे कबूल केले पाहिजे.

परंतु येथेच अडचण सुरू झाली. नावे हाताशी आली म्हणजे आपले आजोबा-पणजोबा कोठे संपतात आणि परके कोठे सुरू होतात, ही रेषा पुसट होते. १८७७ मध्येच विल्फर्ड वुड्रफ या नेत्याने सेंट जॉर्ज येथील मंदिरात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांसाठी विधी घडवून आणले होते. २००८ मध्ये व्हॅटिकनने कॅथलिक धर्मप्रांतांना आपल्या नोंदवह्या या संस्थेला न देण्याची सूचना केली. २०१२ मध्ये तर महात्मा गांधींच्या नावानेही पूर्वी असा विधी झाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या.

सर्वांत तीव्र दुःख झाले ते ज्यूंना. नाझींच्या छळछावण्यांत मारल्या गेलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार ज्यूंची नावे या यादीत गेल्याचे १९९० नंतरच्या काही वर्षांत उघड झाले. ऑशविट्झमधून वाचलेले अर्नेस्ट मिशेल यांना आपल्या मारल्या गेलेल्या आईवडिलांचीही नावे त्यात आढळली. १९९५ मध्ये करार झाला. केवळ आपल्या थेट पूर्वजांचा अपवाद सोडून अशी नावे देऊ नयेत, असे ठरले. तरीही २०१२ मध्ये सायमन विझेन्थाल यांच्या आईवडिलांसाठी व अॅन फ्रँकसाठी विधी झाल्याचे प्रसिद्ध झाले. विझेन्थाल यांच्या बाबतीत पंथाने माफीही मागितली.

विधीने काहीच होत नसेल तर ज्यूंनी एवढे दुःख का करावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासात आहे. युरोपात शतकानुशतके ज्यूंपुढे बाप्तिस्मा की देशत्याग, असा प्रश्न ठेवला गेला. १८५८ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे, मोलकरणीने गुपचूप बाप्तिस्मा दिला होता एवढ्याच कारणावरून एदगार्दो मोर्तारा या सहा वर्षांच्या ज्यू मुलाला पोपच्या राज्याच्या शिपायांनी आईवडिलांपासून हिरावून नेले. ज्यांना ज्यू म्हणून मारले गेले, त्यांच्याजवळ शेवटी ज्यू हे नावच उरले होते. तेवढे तरी त्यांचे त्यांना राहू द्यावे, एवढेच मागणे होते.

घरातला प्रश्न

परक्यांच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. खरा अवघड प्रश्न घरातला आहे. समजा, एक मुलगा मॉर्मन झाला आणि त्याचे वडील आयुष्यभर नास्तिक राहिले. “मला तुझा धर्म नको,” असे त्यांनी त्याला अनेकदा सांगितले. वडील वारले. आता मुलाने काय करावे?

पंथाचा नियम असा की, गेल्या ११० वर्षांत जन्मलेल्या मृताचा विधी करायचा तर त्याच्या जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी हवी; म्हणजे पती वा पत्नी, मुले, आईवडील किंवा भावंडे यांची. नियम चांगला आहे. परंतु आपल्या उदाहरणात आई आधीच वारली असेल व मुलगा एकुलता एक असेल, तर परवानगी मागणाराही तोच आणि देणाराही तोच! नियम पूर्ण पाळला गेला, पण वडिलांचे मत कोणीच विचारात घेतले नाही. संमतीचा हा नियम जिवंतांची भांडणे टाळतो. मृताच्या शब्दाचे रक्षण करीत नाही.

मुलाच्या बाजूने तीन मुद्दे मांडता येतात. पहिला, वडिलांना परलोक मान्यच नव्हता, मग त्यांचे नुकसान काय? मिल यांच्या हानीच्या तत्त्वाकडे बोट दाखवून कोणी असे म्हणेल. पण मृत्युपत्र मोडले तरी मेलेल्याला कळत नाही. तरीही ते मोडणे आपण अन्याय समजतो. म्हणजे ‘कळणे’ ही अन्यायाची अट नव्हे. दुसरा मुद्दा, आत्म्याला नकाराचे स्वातंत्र्य आहेच. पण वडिलांनी नकार दिला होता, आणि तो जिवंतपणी, शुद्धीवर असताना, मुलाच्या तोंडावर दिला होता. तोच प्रश्न पुन्हा विचारणे म्हणजे पहिले उत्तर न मोजणे होय. तिसरा मुद्दा सर्वांत बळकट आहे. बुडणाऱ्याला आपण विचारून हात देतो काय? मुलाची श्रद्धा खरी असेल तर त्याच्या दृष्टीने वडील बुडत आहेत. यावर माझे उत्तर असे: बुडणारा बोलू शकत नाही म्हणून आपण विचारीत नाही. येथे तर माणूस चाळीस वर्षे काठावर बसून सांगत होता की, मी बुडत नाही.

म्हणून मला दोन प्रकारचे मृत वेगळे करावेसे वाटतात. काहींना हा प्रश्न कधी विचारलाच गेला नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या पणजोबांना वंशजाने प्रेमाने काही देऊ केले, तर ते देणेच आहे. काहींनी मात्र उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांच्या बाबतीत विधी हे देणे राहत नाही. ते उत्तर खोडणे होते. मुलाने वडिलांसाठी स्वतःच्या मनात प्रार्थना जरूर करावी, कारण ती त्याची स्वतःची आहे. वडिलांचे नाव घेऊन हौदात उतरणे मात्र फक्त त्याचे स्वतःचे नाही.

आपल्याकडे

दूरच्या लोकांना नावे ठेवून थांबणे बरे नव्हे. आपल्या मृत्यूनंतर कोणतेही धार्मिक विधी करू नयेत, असे पंडित नेहरूंनी १९५४ मध्ये मृत्युपत्रात स्पष्ट लिहिले होते. १९६४ मध्ये त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते धार्मिक विधींसहच.

आता माझे कारण सांगते. माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, शाळेत गेले नव्हते. मी दहावीत असताना त्यांनी मला समोर बसवून एक कागद लिहून घेतला, कारण घरात लिहिण्या-वाचण्याची सवय असलेली मीच होते. “माझ्यामागं दहावा-तेरावा करू नका. जेवणावळी घालू नका. तो पैसा पोरीच्या शिक्षणाला लावा.” खाली त्यांनी अंगठा उठविला आणि कागद ट्रंकेत ठेवला.

गेल्या वर्षी आबा वारले. लोक काय म्हणतील म्हणून दहावा झाला, तेराव्याला गाव जेवला, त्यासाठी वडिलांनी उसने पैसे काढले. दहाव्याला नदीवर कावळा पिंडाला शिवेना. तेव्हा माझे चुलते हात जोडून म्हणाले, “आबा, तुमची काय इच्छा राहिली असंल ती पुरी करू.” आम्ही बायका मागे उभ्या होतो. त्यांची इच्छा काय होती, हे माझ्या अक्षरात लिहिलेले होते. मी काही बोलले नाही.

चुलत्यांचे प्रेम खोटे नव्हते, जोसेफ स्मिथ यांचेही आपल्या भावावरचे प्रेम खोटे नव्हते. पण मेलेल्याची इच्छा विचारण्याची एवढी सुंदर रीत ज्या समाजात आहे, त्याने आधीच दिलेले उत्तर वाचायला विसरू नये. येत्या मार्गशीर्षात आबांचे वर्षश्राद्ध आहे. त्याआधी तो कागद ट्रंकेतून काढून घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचायचे मी ठरविले आहे. पुढे काय करायचे ते वडीलधारी मंडळी ठरवतील. पण या वेळी आबांचे म्हणणे ऐकून ठरवतील.