अवजाराची मूठ आणि शरीराचे माप

हातकोळपे घेताना त्याचे पाते, वजन व किंमत पाहण्याचा प्रघात आहे. ते चालविणाऱ्याच्या अंगमापास जुळते की नाही, हे मात्र क्वचितच पाहिले जाते. निंदणी-खुरपणीचे काम बहुतांशी स्त्रिया करतात. त्यांच्या हाती पुरुषाच्या मापाचे अवजार आल्यास काम मंदावते व शरीर लवकर थकते.

भोपाळ येथील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने २००९ साली देशातील शेतकामकऱ्यांच्या शरीराची ७९ मापे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांनुसार पुरुषांची सरासरी उंची सुमारे १६३ सें.मी. व स्त्रियांची सुमारे १५२ सें.मी. आहे. एवढ्या फरकामुळे एकच ठराविक मूठ दोघांसही सोयीची होत नाही.

उंचीइतकेच शरीरातील वजनाच्या वाटणीलाही महत्त्व आहे. अमेरिकेत डेम्प्स्टर यांनी १९५५ साली शवांच्या अभ्यासावरून दिलेले प्रमाण असे : डोके व मान ८ टक्के, धड ५० टक्के, दोन्ही हात १० टक्के आणि दोन्ही पाय ३२ टक्के. व्यक्तिपरत्वे यांत थोडा फरक पडतो. म्हणजे ५० किलो वजनाच्या स्त्रीचे डोके, धड व हात मिळून सुमारे ३४ किलो होतात. ती कमरेत वाकली की यांतील बराचसा भार पुढे झुकतो व तो पाठीच्या स्नायूंना तोलून धरावा लागतो. हातात ओझे नसले तरी पाठ दुखते, त्याचे हे एक मुख्य कारण होय.

ग्राम-कार्यकर्त्याने पुढील मापे घ्यावीत :

१. उंची – अनवाणी, भिंतीस पाठ लावून उभे करावे. डोक्यावर फळी आडवी धरून खूण करावी व जमिनीपासून मोजावे.

२. कोपराची उंची – दंड सरळ खाली सोडून हात कोपरात काटकोनात वाकवावा. जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत मोजावे.

३. मुठीची उंची – अवजार कामाच्या स्थितीत टेकवून जमिनीपासून मुठीपर्यंत मोजावे.

उभ्याने करावयाच्या कामात मूठ कोपराच्या पातळीस किंवा तिच्या किंचित खाली असावी. मूठ फार खाली असल्यास कंबर वाकते. फार वर असल्यास खांदे उचलले जाऊन भरून येतात.

गावातील सर्वांच्या मापांची सरासरी काढून एकच दांडा करणे इष्ट नव्हे. त्यामुळे ठेंगण्याची व उंचाची, दोघांचीही गैरसोय होते. त्याऐवजी दांड्यास अंतराअंतरावर भोके पाडून मूठ वर-खाली बसविण्याची सोय गावच्या सुतार-लोहाराकडून करून घ्यावी. खर्च अल्प आहे. नवे अवजार विकत घेण्यापूर्वी, ते प्रत्यक्ष चालविणाऱ्या स्त्रीच्या हाती देऊन शेताच्या दोन ओळी चालवून पाहावे आणि मगच निर्णय घ्यावा.