पोरगा फौजदार व्हायचं म्हणतो...
पदवीधर मुला-मुलींच्या पालकांसाठी एक पाठ



गळीत हंगाम आटोपला की गट कार्यालयात बसलेल्या मंडळींच्या बोलण्यात उसाच्या बिलाबरोबर आणखी एक विषय हमखास निघतो. "पोरगं बी.ए. झालं. आता पुण्याला जातो म्हणतंय. फौजदार व्हायचंय म्हणे. पाठवावं का?" विचारणारे गृहस्थ लागणीच्या बाबतीत आम्हालाच चार गोष्टी शिकवतील इतके अनुभवी असतात, पण या प्रश्नापाशी चाचपडतात. म्हणून या अंकात खत-पाण्याचा विषय बाजूला ठेवून आम्ही हा पाठ घेत आहोत.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. फौजदार होणे अवघड आहे, तरी शेतकऱ्याच्या लेकराच्या आवाक्यातले आहे. मूल नापास झाले म्हणून घर बुडत नाही. किती वर्षे द्यायची, किती पैसा घालायचा, आणि नाही जमले तर पुढे काय, हे तीन प्रश्न घरात कुणी काढलेच नाहीत म्हणजे घर अडचणीत येते.

१. दारे किती आणि कोणती?

आपण ज्याला फौजदार म्हणतो तो पोलीस उपनिरीक्षक. खांद्यावर दोन तारे. त्याची सरळ भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या गट-ब परीक्षेतून होते. पदवी कोणत्याही शाखेची चालते, बी.ए. असो, बी.कॉम. असो की शेतकीची असो. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच पूर्व परीक्षेचा अर्ज भरता येतो. निवड झालेल्यांचे प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होते.

त्याच्या वरचे दार राज्यसेवा परीक्षेचे. त्यातून पोलीस उपअधीक्षक होता येते. २०२५ पासून या परीक्षेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, म्हणजे उत्तरे पानेच्या पाने लिहून काढायची. त्याहून वर आय.पी.एस. ती परीक्षा दिल्लीचा संघ लोकसेवा आयोग घेतो. खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला ती ३२ वर्षे वयापर्यंत आणि सहा वेळाच देता येते.

आणि एक दार खालचे, पोलीस शिपायाचे. त्याला बारावी पुरते. पदवीधर पोराला हे दार कमीपणाचे वाटते. आमचे मत तसे नाही. का, ते पुढे सांगतो.

२. आधी टेप लावा

ऊस लावण्याआधी आपण माती तपासतो. इथेही पहिली तपासणी पुस्तकाची नव्हे, शरीराची. उपनिरीक्षकासाठी मुलाची उंची १६५ सेंटिमीटर, छाती ७९ सेंटिमीटर आणि श्वास भरल्यावर ती ५ सेंटिमीटर फुगली पाहिजे. मुलीची उंची १५७ सेंटिमीटर हवी. दोन वर्षे पुण्यात राहून आल्यावर उंची एका सेंटिमीटरने कमी पडते हे कळण्यात काय अर्थ? उंची अभ्यासाने वाढत नाही. सरकारी दवाखान्यात अनवाणी उभे करून नीट मोजून घ्या, डोळेही तपासून घ्या.

उंची बसत नसेल तर निराश होऊ नये. त्याच गट-ब परीक्षेतून राज्य कर निरीक्षक आणि सहायक कक्ष अधिकारी ही पदेही भरली जातात. त्यांना ही उंचीची अट नाही.

३. परीक्षा कशी असते?

पूर्व परीक्षा १०० गुणांची, प्रश्न १००, वेळ एक तास. चालू घडामोडी, राज्यघटना व पंचायत राज, महाराष्ट्राचा इतिहास-भूगोल, अर्थव्यवस्था, सामान्य विज्ञान आणि गणित-बुद्धिमत्ता असे विषय असतात. चूक उत्तराला पाव गुण कापला जातो. तेव्हा "टाकून बघू" हा प्रकार चालत नाही. मुख्य परीक्षेला दोन पेपर, एकूण ४०० गुण. पहिला मराठी-इंग्रजीचा, दुसरा सामान्य अध्ययनाचा. त्यानंतर मैदान आणि शेवटी ४० गुणांची मुलाखत.

मुलांना आम्ही एक सांगतो. पाठ्यपुस्तकात जे शहरातल्या पोराला घोकावे लागते, त्यातले बरेच तुमच्या अंगणात आहे. ग्रामसभा, तलाठ्याचा सातबारा, विकास सोसायटी, काळी जमीन, धरणाचे पाणी. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, त्यामागे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ होते, हे आपल्या मुलाला आजोबांनीच सांगितलेले असते. ते नेमके करून लिहिता-बोलता आले म्हणजे झाले. आपली मुले मागे पडतात ती बहुधा इंग्रजीत आणि गणिताच्या वेगात. तिकडे पहिल्या दिवसापासून रोजचा एक तास द्यावा.

जुनी पुस्तके घेताना जपून. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. गावात आपण अजून "तीनशे दोन", "चारशे वीस" म्हणतो. आता खुनाचे कलम १०३ आणि फसवणुकीचे ३१८ झाले आहे. रद्दीच्या भावात मिळालेले कायद्याचे पुस्तक रद्दीतच बरे.

४. मैदान

पुरुष उमेदवारांना पूर्ण गुणांसाठी असे करून दाखवावे लागते : ८०० मीटर धाव अडीच मिनिटांत, ७.२६ किलोचा गोळा साडेसात मीटर, लांब उडी साडेचार मीटर आणि आठ पुल-अप्स. मुलींसाठी प्रकार व मापे वेगळी आहेत. मैदानाचे गुण अंतिम यादीत धरले जात नसले तरी ठरलेले किमान गुण मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मापे कधी कधी बदलतात, म्हणून दर वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. मित्राने सांगितले त्यावर जाऊ नये.

"आमचं पोरगं उसाच्या मोळ्या उचलतंय, त्याला मैदानाचं काय?" असे एक सभासद म्हणाले. मोळी उचलणे वेगळे आणि अडीच मिनिटांत ८०० मीटर धावणे वेगळे. मोळीने ताकद येते, पण दम आणि वेग सरावानेच येतो. पुष्कळ मुले मुख्य परीक्षेचा निकाल लागेपर्यंत पळतच नाहीत, आणि मग महिन्याभरात सगळे उरकायला जातात. डांबरी सडकेवर एकदम पळून नडगी धरते, पाय सुजतो आणि हातची संधी जाते. आठवड्यातून पाच-सहा दिवस, मातीच्या मैदानावर, पायात बूट घालून, थोडे थोडे वाढवत. हे पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून चालू ठेवावे. याला पुण्याला जावे लागत नाही. शाळेचे मैदान, एक घड्याळ आणि पहाटे उठवणारी आई एवढे पुरते.

५. वर्षांचा हिशेब

आता मुख्य मुद्द्यावर येतो. उपनिरीक्षकासाठी वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३१ आणि मागासवर्गीयांना ३४ वर्षे आहे. एकविसाव्या वर्षी पदवी मिळालेल्या मुलाला वाटते, दहा वर्षे आहेत की! इथेच फसगत होते. शिपाई भरतीची मर्यादा खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ वर्षे आहे. म्हणजे वरच्या दाराकडे बघत बसलेल्या मुलाच्या पाठीमागे खालचे दार आधी बंद होते, आणि त्याला ते कळतही नाही.

शिवाय ही परीक्षा आपल्या हंगामाप्रमाणे ठरल्या दिवशी होईलच असे नाही. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्व परीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली आणि पुण्यात मुले रस्त्यावर उतरली, हे आपण पाहिले. अडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांत काट्यावर येतो. जाहिरातीपासून नेमणुकीच्या हुकमापर्यंत त्याहून जास्त काळ जाऊ शकतो, असे धरूनच चालावे.

आमच्या पाहण्यातली दोन घरे सांगतो. नावे सांगत नाही, कारण दोन्ही आपलीच सभासद घरे आहेत.

पहिल्या घरातला मुलगा हुशार. पहिल्या वर्षी दोन गुणांनी पूर्व परीक्षा हुकली. "पुढच्या वर्षी नक्की" म्हणून पुण्यात राहिला. पुढच्या वर्षीही तेच. खोली, मेस, अभ्यासिका, क्लास असा खर्च चालू. चौथ्या वर्षी दोन म्हशी विकल्या, पाचव्या वर्षी सोसायटीचे कर्ज थकले. मुलगा दिवाळीला यायचा बंद झाला, कारण पारावर जो तो विचारी, "काय झालं रं निकालाचं?" बाप प्रेमापोटी विचारीना, मुलगा लाजेपोटी सांगेना. वय उलटल्यावर तो परत आला. वडील आम्हाला म्हणाले, "मी त्याला कधी एका शब्दानं बोललो नाही." यात त्यांना अभिमान होता की पश्चात्ताप, ते आम्हाला कळले नाही. पण आम्हाला वाटते, बोलायला हवे होते. रागावून नव्हे, शेजारी बसून.

दुसऱ्या घरात मुलगी. महिलांना ३० टक्के जागा राखीव असतात हे तिनेच वडिलांना सांगितले. वडिलांनी तिच्याशी ठरवले : तीन वर्षे लग्नाचा विषय काढायचा नाही, दोन वर्षे घरी राहून अभ्यास, आणि मधे शिपाई भरती निघाली तर तीही द्यायची. ती शिपाई झाली. नोकरीत राहून एकदा गट-बची पूर्व परीक्षा पास झाली, मुख्य परीक्षेत राहिली. अजून फौजदार झालेली नाही. पण पगार चालू आहे, पोलीस ठाणे आतून बघते आहे, आणि पुढच्या परीक्षेचा फॉर्म तिने स्वतःच्या पैशाने भरला आहे. शिपायाच्या दाराला आम्ही कमी का मानत नाही, ते आता ध्यानात आले असेल.

६. तुटाळ मोजा

खोडवा ठेवायचा की मोडायचा हे आपण कसे ठरवतो? तुटाळ किती ते बघतो. मायेपोटी कुणी खोडवा ठेवत नाही. तसेच इथे. शिकलेले नसलात तरी दर निकालानंतर मुलाला तीन आकडे विचारा : गेल्या वर्षी तुला गुण किती, या वर्षी किती, आणि शेवटचा माणूस किती गुणांवर निवडला गेला? गुण वाढत असतील आणि अंतर कमी होत असेल, तर आणखी एक वर्ष द्यायला हरकत नाही. लागोपाठ दोन वर्षे अंतर तेवढेच राहिले, तर वाट बदलण्याची वेळ आली असे समजावे. यात मुलाचा अपमान नाही. लाखो मुले बसतात आणि जागा शेकड्यांत असतात. राहून गेलेली मुले सगळी नालायक असतात असे कोण म्हणेल?

७. नाव स्वच्छ ठेवा

निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते. बांधाच्या भांडणात भाऊबंदाच्या सगळ्या पोरांची नावे फिर्यादीत घालण्याची वाईट खोड आपल्याकडे आहे. आज आपण त्यांचे घालतो, उद्या ते आपले घालतात. वीस वर्षांच्या पोराला काठी घेऊन बांधावर नेऊ नका. आंदोलन करणे हा हक्क आहे, त्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. पण दगड उचलणाऱ्याच्या शेजारी उभे राहू नये, एवढे पोराला सांगा.

आणि गुन्हा दाखल झालाच असेल तर तो लपवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले आहे की पडताळणीच्या अर्जात माहिती खरीच दिली पाहिजे, आणि लपवाछपवी हे नेमणूक रद्द होण्याचे कारण होऊ शकते. क्षुल्लक प्रकरण खरे सांगितले तर त्याचा विचार होऊ शकतो. खोटे सांगून मात्र जवळ आलेला घास जातो.

"इतके द्या, यादीत नाव लावतो" असे म्हणणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. असा पैसा बुडाला तर फिर्याद तरी कोणत्या तोंडाने देणार? आणि ज्याने पैसे देऊन वर्दी मिळवली, तो ते पैसे उद्या कुणाकडून वसूल करील? तुमच्या-आमच्याकडूनच.

८. घरात बसून ठरवा

मुलगा किंवा मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आली की एका संध्याकाळी आई, वडील आणि मूल, तिघांनी बसावे. वहीच्या पानावर लिहावे : उंची-छाती किती, वर्षे किती देणार, महिन्याला खर्च किती आणि तो कोणत्या पैशातून, कोणत्या वयाला शिपाई भरती द्यायची, नाही जमले तर दुसरी वाट कोणती. जमीन विकणार नाही, हे त्याच पानावर लिहावे. रहिवासी दाखला, जातीचा दाखला व जात पडताळणी, लागू असेल त्यांनी नॉन-क्रिमिलेअर दाखला, हे सगळे आताच काढायला टाकावे आणि मुदती तपासाव्यात. मग त्या पानावर तिघांनी सही किंवा अंगठा करावा.

कारखान्याशी आपण उसाचा करार करतो, तो अविश्वासापोटी करत नाही. दोघांनाही पुढचे दिसावे म्हणून करतो. हा करारही तसाच. त्यामुळे पोराला मनातली भीती बोलायला जागा राहते, आणि निकाल काहीही लागला तरी दिवाळीला घरी यायला तोंड राहते.

पोरे फौजदार व्हावीत ही आमचीही इच्छा आहे. होतील तेव्हा गावात पेढे वाटू. होणार नाहीत त्यांच्यासाठीही घराचे दार उघडे असावे, इतकेच सभासदांना आमचे सांगणे आहे.